आळ आणि उत्तर : जॉन हेन्री न्यूमन

'लीड, काइंडली लाइट' हे इंग्रजी गीत आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावरून गेलेले आहे. कुठे संध्याकाळच्या उपासनेत, कुठे अंत्यविधीच्या वेळी ते गायिले जाते. गांधीजींना ते फार प्रिय होते. नरसिंहराव दिवेटिया यांनी केलेले त्याचे गुजराती रूपांतर त्यांच्या प्रार्थनासभेत गात असत, त्यामुळे बडोद्याकडील बांधवांपैकी काहींना ते त्या भाषेतही ठाऊक असेल. हे गीत लिहिणारे जॉन हेन्री न्यूमन पुढे रोमन कॅथलिक धर्मगुरू झाले, एवढेही काहींना माहीत असते. परंतु वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांच्यावर खोटेपणाचा आळ आला, तो एका प्रॉटेस्टंट पाळकाने घेतला, आणि त्या आळाला उत्तर देण्यासाठी या म्हाताऱ्या माणसाला आपले सारे आयुष्य चव्हाट्यावर मांडावे लागले, ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तीत आपली बाजू उजळ दिसत नाही, हेही त्याचे एक कारण असेल. शब्बाथ शाळेत आपण मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आपल्या गणतीने नववी आज्ञा, कॅथलिकांच्या गणतीने आठवी. क्रमांकाबद्दल मतभेद असला तरी आज्ञा एकच आहे.

न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडन येथे झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील सावकारी पेढीत भागीदार होते. आई फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट, घराण्यातली. १८१६ साली पेढी बुडाली. ठेवीदारांची रक्कम चुकती झाली, पण घरची सुबत्ता संपली. त्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांचा जॉन सुट्टीत घरी न जाता शाळेतच राहिला. तो आजारी होता आणि मनानेही खचलेला होता. वॉल्टर मेयर्स नावाच्या एका इव्हँजेलिकल शिक्षकाने त्याला चांगली पुस्तके वाचायला दिली, त्याच्याशी पुष्कळ बोलणी केली, आणि त्या काही महिन्यांत त्या मुलाच्या अंतःकरणात पालट झाला. आपण आणि आपला निर्माणकर्ता, या दोघांच्या अस्तित्वाविषयी त्याला तेव्हा जी खात्री पटली ती आयुष्यभर ढळली नाही.

त्या दिवसांत त्याच्या मनावर ज्यांच्या लिखाणाचा सर्वांत खोल ठसा उमटला ते टॉमस स्कॉट हे पवित्र शास्त्राचे भाष्यकार होत. आपल्या आत्म्यासाठी आपण यांचे ऋणी आहो, असे न्यूमन यांनी कॅथलिक झाल्यावरही मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. याच स्कॉट यांच्या उपदेशाने विल्यम केरी या तरुण चांभारालाही मार्ग दाखवला होता, आणि केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. एकाच गुरूचे दोन शिष्य किती वेगळ्या वाटांनी गेले!

१८१७ मध्ये ते ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. अतिश्रमाने शेवटच्या परीक्षेत ते जवळजवळ नापासच झाले. पण दोन वर्षांनी, १८२२ साली, त्याच विद्यापीठातील ओरिएल कॉलेजात त्यांना फेलोची मानाची जागा मिळाली. १८२५ साली त्यांना आंग्लिकन मंडळीत धर्मसेवेची पूर्ण दीक्षा मिळाली आणि १८२८ मध्ये ते विद्यापीठाच्या सेंट मेरी देवळाचे व्हिकर, म्हणजे पाळक, झाले. तिथले त्यांचे उपदेश ऐकायला विद्यार्थी गर्दी करीत. हातवारे नाहीत, आरडाओरडा नाही. लिहून आणलेला कागद ते हलक्या, स्वच्छ आवाजात वाचून दाखवीत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की माझ्या मनातले या माणसाला कसे कळले?

१८३२ च्या अखेरीस ते हरेल फ्रूड या मित्राबरोबर भूमध्य समुद्राच्या प्रवासास गेले. पुढे एकटेच सिसिलीत राहिले असता तापाने मरणाच्या दारी जाऊन आले. परत येताना पालेर्मोहून मार्सेयकडे संत्री नेणाऱ्या गलबतात त्यांना जागा मिळाली. वारा पडला आणि बोनिफासियोच्या सामुद्रधुनीत गलबत आठवडाभर खोळंबून राहिले. तिथे, १६ जून १८३३ रोजी, आरंभी सांगितलेले गीत लिहिले गेले. त्या वेळी ते प्रॉटेस्टंट मंडळीचेच पाळक होते, हे ध्यानात असावे.

इंग्लंडात परतताच जी चळवळ सुरू झाली तिला पुढे ऑक्सफर्ड चळवळ म्हणू लागले. जॉन केबल, एडवर्ड प्यूझी व न्यूमन हे तिचे धुरीण. मंडळी हे सरकारचे एखादे खाते नव्हे, ती प्रेषितांपासून चालत आलेली आहे, असे ते छोट्या छोट्या पत्रिका छापून सांगत. या चळवळीच्या लाटा आपल्यापर्यंतही येऊन पोहोचल्या आहेत. ज्या वाँटेजच्या भगिनींच्या आश्रयास असताना १८८३ साली पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला त्या भगिनी, आणि ज्यांच्याशी नेहेम्या गोरे यांचा निकटचा संबंध आला ते काउली फादर, ही त्याच झाडाची फळे होत. पुण्याच्या पंचहौद मिशनचा वंशही तिकडेच जाऊन पोहोचतो.

१८४१ साली नव्वदावी पत्रिका निघाली. इंग्लंडच्या मंडळीच्या एकोणचाळीस धर्मकलमांचा अर्थ जुन्या कॅथलिक मताशी जुळेल असाही लावता येतो, असे न्यूमन यांनी तीत दाखवले होते. एकच गहजब उडाला. विद्यापीठाने निषेध केला, एकामागून एक बिशप त्याविरुद्ध बोलले. न्यूमन ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर या खेड्यात जाऊन राहिले आणि सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी पाळकपणाचा राजीनामा दिला. लिटलमोरच्या लहानशा देवळात त्यांनी मित्रांच्या ताटातुटीवर शेवटचा उपदेश केला तेव्हा लोक उघड रडत होते. त्यानंतर दोन वर्षे अभ्यास, उपवास व प्रार्थना यांत गेली. ८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री डॉमिनिक बार्बेरी नावाचे इटालियन धर्मगुरू घोडागाडीच्या टपावर बसून पावसात चिंब भिजत आले. ते विस्तवाजवळ कपडे वाळवीत असतानाच न्यूमन येऊन त्यांच्या पायांशी गुडघे टेकून बसले. दुसऱ्या दिवशी ते रोमन मंडळीत दाखल झाले.

आता यापुढची वीस वर्षे कशी गेली हे कळल्याशिवाय १८६४ चा प्रसंग नीट उमगणार नाही. जुन्या मित्रांची दारे बंद झाली. काहींनी पत्रव्यवहारही सोडला. इंग्लंडात असे सर्रास बोलले जाई की हा मनुष्य आंग्लिकन मंडळीचे अन्न खात असतानाच आतून रोमचा हस्तक होता. तरुणांना फितवून मग स्वतः पलीकडे गेला. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले. दुसरीकडे, रोममध्ये १८४७ साली दीक्षा घेऊन त्यांनी बर्मिंगहॅम येथे ऑरेटरी हा धर्मगुरूंचा संघ स्थापला खरा, पण नव्या घरातही त्यांच्याकडे संशयानेच पाहिले जाई. डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठाची उभारणी त्यांच्या हातून पुरी झाली नाही. धर्माच्या बाबतीत सामान्य श्रद्धावंतांचेही मत विचारात घ्यावे, असा लेख १८५९ मध्ये लिहिला म्हणून त्यांच्याच एका बिशपने रोमला तक्रार केली. १८६२ साली तर ते प्रॉटेस्टंट मंडळीत परत येणार अशी आवई वर्तमानपत्रात उठली आणि त्यांना तिचा कडक शब्दांत इन्कार करावा लागला.

एक गोष्ट न्यायासाठी येथे सांगितली पाहिजे. बदनामीच्या कायद्याची झळ न्यूमन यांना आरोपी म्हणूनही लागली होती. अकिली नावाचे एक पदच्युत इटालियन धर्मगुरू इंग्लंडात रोमविरुद्ध व्याख्याने देत फिरत आणि आपल्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते. १८५१ मध्ये न्यूमन यांनी त्यांच्या दुर्वर्तनाचा पाढा जाहीर व्याख्यानात वाचला. अकिलींनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. इटलीहून साक्षीदार स्त्रिया आणूनही ज्यूरीने न्यूमन यांना दोषी ठरवले. १८५३ च्या जानेवारीत शिक्षा झाली ती फक्त शंभर पौंड दंडाची, पण खटल्याचा खर्च हजारो पौंडांवर गेला आणि तो देशोदेशीच्या कॅथलिकांनी वर्गणी करून भागवला. निकाल न्यायाला धरून नव्हता असे त्या वेळच्या काही प्रॉटेस्टंट पत्रांनीही म्हटले. तरी कोर्टात अब्रू सिद्ध करणे किती कठीण आहे याचा धडा न्यूमन यांना मिळाला होता. पुढे स्वतःवर पाळी आली तेव्हा ते कोर्टाची पायरी चढले नाहीत.

१८६३ सालचा डिसेंबर संपत आला होता. कोणीतरी 'मॅकमिलन्स मॅगझीन' या मासिकाचा जानेवारीचा अंक न्यूमन यांच्याकडे टपालाने पाठवला. जेम्स अँथनी फ्रूड यांच्या इंग्लंडच्या इतिहासाचे परीक्षण त्यात होते आणि एका परिच्छेदाजवळ पेन्सिलीने खूण केलेली होती. रोमच्या धर्मगुरूवर्गाला सत्याची चाड कधीच नव्हती, आणि ती असलीच पाहिजे असे नाही, उलट देवाच्या लोकांनी दुष्ट जगाशी कपटानेच लढावे, असे खुद्द फादर न्यूमनच शिकवतात, अशा आशयाचा तो मजकूर होता. पुरावा काहीच दिलेला नव्हता. पुस्तक सोळाव्या शतकाविषयी होते. न्यूमन यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. परीक्षणाखाली फक्त 'सी. के.' ही आद्याक्षरे होती.

न्यूमन यांनी ३० डिसेंबरला प्रकाशकांना थोडक्यात पत्र लिहिले. आपल्याला भरपाई नको, माफी नको. एवढी गंभीर आणि विनाकारण केलेली निंदा आपल्या नावाने छापली गेली आहे, इतकेच सभ्य गृहस्थ म्हणून त्यांच्या नजरेस आणावयाचे आहे, असा त्याचा सूर होता. उत्तर आले ते रेव्ह. चार्ल्स किंग्स्ली यांचे. लेख माझाच, असे त्यांनी सरळ कबूल केले.

हे किंग्स्ली कोणी ऐरेगैरे नव्हते. ते हँपशायरमधील एव्हर्सलीचे पाळक, राणीचे चॅपलेन, केंब्रिज येथे इतिहासाचे प्राध्यापक आणि नावाजलेले कादंबरीकार होते. धुराडी साफ करणाऱ्या पोरांचे हाल जगापुढे मांडणारे 'वॉटर बेबीज' हे त्यांचे पुस्तक १८६३ मध्येच निघाले होते. गरिबांना स्वच्छ पाणी मिळावे म्हणून ते तळमळीने झगडले. १८४९ च्या कॉलऱ्यात लंडनच्या बर्मंडसी भागातील घाणेरड्या वस्तीत त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या गाड्या पाठवल्या. त्याच साली त्याच साथीत न्यूमन व त्यांचे सोबती अँब्रोझ सेंट जॉन बर्मिंगहॅमजवळच्या बिल्स्टन गावी रोग्यांच्या सेवेस गेले होते. ते पोहोचले तेव्हा साथ ओसरू लागली होती, पण जाताना ते त्यांना कुठे ठाऊक होते? ही दोन माणसे आयुष्यात एकदाही एकमेकांना भेटली नाहीत. भेटली असती तर काय झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

मग असा सज्जन मनुष्य असे का लिहून गेला? किंग्स्ली यांना ब्रह्मचर्याचा व मठवासाचा मनस्वी तिटकारा होता. त्यांच्या पत्नी लग्नापूर्वी ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावाखाली भगिनीसंघात जाण्याच्या विचारात होत्या, त्यातून त्यांना बाहेर काढायला बराच झगडा करावा लागला होता. शिवाय परीक्षणाचे पुस्तक त्यांच्या साडूचे होते, आणि हे फ्रूडही तरुणपणी न्यूमन यांच्या छायेत काही काळ राहून मग दूर गेलेले. एवढी जुनी खुन्नस मनात असली की लेखणीला लगाम राहत नाही. आणि खरे सांगायचे तर, रोमचे धर्मगुरू खोटे बोलतात हे विधान त्या काळच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडात इतके रुळलेले होते की त्याला पुरावा लागतो हेच कोणाच्या ध्यानात येत नसे. किंग्स्ली यांनी लहानपणापासून जे ऐकले तेच लिहिले. त्यात एका जिवंत माणसाचे नाव घातले, एवढीच भर.

पुरावा कोणता, असे विचारता त्यांनी न्यूमन यांच्या एका जुन्या उपदेशाकडे बोट दाखवले. सापाची चतुराई आणि कबुतराचे निष्कपटपण यांविषयी प्रभूने शिष्यांना जे सांगितले, त्यावर तो उपदेश होता. देवाने दुबळ्या प्राण्यांनाही स्वतःला राखण्याची काही युक्ती दिली आहे. ख्रिस्ती माणसाला हत्यार उचलण्याची मनाई असल्यामुळे तो सावधपणाने व सोशीकपणाने वागतो, आणि हा नम्र मनुष्य शेवटी टिकून राहतो हे पाहून जग त्याला लबाड म्हणते, असा त्याचा आशय. लबाडी करा असे त्यात कुठेच नाही. उलट, जग साधेपणाला लबाडी समजते अशी ती तक्रार आहे. त्यातही मौज अशी की हा उपदेश १८४३ सालचा, म्हणजे न्यूमन सेंट मेरीचे प्रॉटेस्टंट पाळक असतानाचा. रोमच्या धर्मगुरूंच्या खोटेपणाचा दाखला म्हणून एका आंग्लिकन व्यासपीठावरचा उपदेश पुढे करण्यात आला होता! किंग्स्ली यांनी साप साप म्हणून भुई धोपटली.

आपली चूक दाखवून दिल्यास जाहीरपणे शब्द मागे घेऊ, असे किंग्स्ली यांनी कळवले होते. त्याप्रमाणे फेब्रुवारीच्या अंकात दिलगिरी छापून आली. पण ती कशी? न्यूमन यांनी आपल्या शब्दांचा तसा अर्थ नसल्याचे सांगितले आहे, तेव्हा आपली समजूत चुकली याबद्दल खेद वाटतो, अशा धर्तीची. वाचणाऱ्याला वाटावे की शब्द तर तसेच होते, आता म्हातारा हात झटकतो आहे. अशी दिलगिरी आपल्याकडेही पंचायतींत आणि मंडळीच्या सभांत पुष्कळदा ऐकायला मिळते.

न्यूमन यांनी सारा पत्रव्यवहार पुस्तिकेच्या रूपाने छापून टाकला आणि शेवटी काही पाने आपली टिपणी जोडली. ही टिपणी उपहासाने भरलेली आहे. आरोप करणारा म्हणतो पुरावा नाही, तरी आरोप खरा, आणि वर मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो म्हणून माझे आभार माना, असा तो संवाद त्यांनी रंगवला. सारा लंडन हसला. मला मात्र ही पाने वाचताना थोडे वाईट वाटते. किंग्स्ली जखमी झाले आणि जखमी माणूस जे करतो तेच त्यांनी केले. मार्चमध्ये त्यांनी अठ्ठेचाळीस पानांचे चोपडे काढले. त्यात न्यूमन यांच्या साऱ्या आयुष्यातील लिखाणातून वेचे काढून जुनेच आरोप दुप्पट जोराने केले होते. आणि त्यात एक वाक्य असे होते की ज्याने सगळेच पालटले. यापुढे डॉ. न्यूमन जे काही सांगतील ते शब्दच्छल नसेल कशावरून, अशी शंका किंग्स्ली यांनी आधीच घेऊन ठेवली होती.

ही विहिरीत विष कालवण्याची रीत आहे, असे न्यूमन यांनी म्हटले. गावातल्या माणसाला हा दाखला समजावून सांगायला नको. एखाद्याला खोटारडा ठरवले की त्याने केलेला इन्कारही खोटा, शपथही खोटी, मौनही खोटे. तो जितके बोलेल तितका अधिक बुडेल. मुद्द्याला मुद्दा देऊन यातून सुटका नाही, हे न्यूमन यांच्या लक्षात आले. लोकांपुढे प्रश्न वाक्याच्या अर्थाचा राहिला नव्हता. हा मनुष्य कोण आहे, वीस वर्षांपूर्वी त्याने जे केले ते का केले, एवढेच लोकांना हवे होते. त्याला उत्तर एकच होते. लहानपणापासून आपल्या मनात काय काय आले, कोणी आपल्याला काय दिले, कोणती शंका कोणत्या साली उठली, ती किती दिवस दाबून ठेवली आणि का, हे सारे तारखांसह सांगायचे. अत्यंत मनस्वी, एकांतप्रिय आणि लाजऱ्या स्वभावाच्या माणसाला याहून मोठी शिक्षा ती कोणती? शिवाय आळ त्यांच्या एकट्यावर नव्हता. इंग्लंडातल्या प्रत्येक कॅथलिक धर्मगुरूवर होता. स्वतःपुरते त्यांनी वीस वर्षे सोसले होते.

ठरले असे की दर गुरुवारी एक भाग छापून यायचा. पहिला २१ एप्रिल १८६४ ला निघाला, सातवा २ जूनला, आणि दोन आठवड्यांनी पुरवणी. न्यूमन मेजाशी उभे राहून लिहीत. दिवसाचे सोळा सोळा तास लिहीत. एकदा तर सलग बावीस तास. एकीकडे छापखान्यातून आलेली मुद्रिते तपासायची, दुसरीकडे पुढचा भाग लिहायचा. लिहिता लिहिता त्यांना रडू कोसळे. आठवणीवर भिस्त ठेवायला ते तयार नव्हते. म्हणून ज्या आंग्लिकन मित्रांशी वीस वर्षे बोलणे नव्हते, त्यांना त्यांनी संकोचत पत्रे लिहिली. माझी त्या वेळची पत्रे तुमच्याकडे असतील तर पाठवा, मी लिहिलेले वाचून चुका सांगा. मित्रांनी पत्रे पाठवली. आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून त्यांनी विरुद्ध पंथातली माणसे निवडली, हे विशेष.

त्या पुस्तकाचे नाव 'अपॉलॉजिया प्रो व्हिटा सुआ', म्हणजे आपल्या जीवनाचे समर्थन. मात्र ते वाचताना समर्थनापेक्षा कबुलीच अधिक वाटते. रोमविरुद्ध पूर्वी आपण किती कडवे लिहिले, कुठे घाई केली, कुठे फाजील आत्मविश्वास दाखवला, हे त्यांनी लपवलेले नाही. इव्हँजेलिकल गुरूंचे उपकार त्यांनी कृतज्ञतेने सांगितले. पुरवणीत सत्य-असत्याचा प्रश्नही टाळला नाही. अडचणीच्या वेळी द्व्यर्थी बोलण्याला काही कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांनी, संत आल्फोन्सो लिगोरी यांच्यासारख्यांनीही, मुभा दिली आहे, हे कबूल करून आपण स्वतः त्या बाबतीत त्यांच्या मागे जात नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. त्यांची सर्वच उत्तरे आपल्याला पटतील असे नाही. मंडळीचा अधिकार, चमत्कार, संतांच्या कथा या विषयांत आपण त्यांच्यापासून दूरच आहो आणि पुस्तक मिटल्यावरही दूरच राहतो. पण हा मनुष्य लबाड होता असे म्हणण्याची हिंमत मात्र वाचणाऱ्याला होत नाही.

इंग्लंडचा अनुभव नेमका हाच होता. 'स्पेक्टेटर' साप्ताहिकाचे संपादक रिचर्ड हटन कॅथलिक नव्हते, पण पहिल्यापासून त्यांनी न्यूमन यांना न्याय मिळवून देण्याचा प्रयत्न केला. लोक गुरुवारची वाट पाहू लागले. किंग्स्ली प्रकृती सुधारण्यासाठी परदेशी गेले होते. परत आल्यावर त्यांनी पुन्हा उत्तर दिले नाही. कॅथलिक धर्मगुरूंनी ठिकठिकाणांहून आभाराची पत्रे पाठवली. ज्यांनी न्यूमन यांना संशयाने बाजूला ठेवले होते, त्यांत त्यांचे स्वतःचे लोकही होते. दुसऱ्याच वर्षी नवी आवृत्ती काढताना न्यूमन यांनी किंग्स्ली यांच्यावरील तिखट पाने गाळून टाकली. वाद संपला होता, तेव्हा त्याचे हत्यार जपून ठेवण्याचे कारण उरले नव्हते.

सप्टेंबर १८६५ मध्ये ते हर्सली गावी जुने मित्र जॉन केबल यांच्याकडे गेले. दाराशी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांनी न्यूमन यांना ओळखले नाही आणि न्यूमन यांनीही त्यांना ओळखले नाही. न्यूमन यांनी खिशातून नावाचे कार्ड काढले तेव्हा उलगडा झाला की हेच केबल. आत प्यूझीही आलेले होते. घरात केबल यांच्या पत्नी आजारी होत्या. एके काळी ज्यांनी मिळून चळवळ उभारली ते तिघे वीस वर्षांनी एका मेजाशी जेवायला बसले. पुढच्या मार्चमध्ये केबल वारले.

यानंतरचे चरित्र थोडक्यात सांगण्याजोगे आहे. १८७९ साली पोप तेरावे लिओ यांनी न्यूमन यांना कार्डिनल केले. ११ ऑगस्ट १८९० रोजी बर्मिंगहॅम येथे एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे अँब्रोझ सेंट जॉन यांच्याच कबरेत त्यांना पुरण्यात आले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी रोममध्ये त्यांना संतपद देण्यात आले. त्याच विधीत केरळच्या मरियम थ्रेसिया यांनाही ते मिळाले. संतपदाच्या या विधीविषयी आपली मते वेगळी आहेत, त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. २३ जानेवारी १८७५ रोजी किंग्स्ली वारले. ते अवघे पंचावन्न वर्षांचे होते. बातमी कळताच न्यूमन यांनी त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केली. काही दिवसांनी एव्हर्सलीकडच्या एका गृहस्थांना त्यांनी पत्र लिहिले. त्यात ते म्हणतात की किंग्स्ली यांच्याविषयी आपल्या मनात राग कधीच नव्हता; ज्याला डोळ्यांनी पाहिले नाही त्याच्यावर रागवायचे तरी कसे? १८६४ साली आपण रागावून लिहिले, कारण थंडपणे लिहिले असते तर आपण मनापासून बोलतो आहो यावर कोणी विश्वास ठेवला नसता. पुढे किंग्स्ली यांच्या लिखाणात काही गोष्टी आपल्या मताच्या जवळ येताना दिसल्या, त्यांचा आपल्याला आनंद वाटे. कधीतरी त्यांची गाठ पडेल आणि त्या वेळी मनात कसलीही अढी नसेल अशी आपल्याला आशा होती, असेही त्यांनी लिहिले आहे. हे पत्र लिहिताना ते चौऱ्याहत्तरीला आले होते.